नोंद कोणाची, अनुकरण कोणाचे?

मोमीनपुऱ्यात माझ्या बहिणीच्या घरी काही दिवसांपूर्वी एक लहानसा प्रसंग घडला. तिचा मुलगा नववीत शिकतो. शाळेत 'माझा आदर्श' या विषयावर निबंध लिहावयाचा होता. वर्गातील कोणी डॉ. अब्दुल कलाम यांच्यावर लिहिले, कोणी आपल्या आवडत्या क्रिकेटपटूवर. या मुलाने लिहिले एका प्रसिद्ध ऑनलाइन गेमरवर. शिक्षकांनी निबंधाखाली लाल शाईने शेरा मारला : 'विषय योग्य नाही. पुन्हा लिहावे.' बहिणीने ती वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "भाईजान, आता तुम्हीच याला समजवा. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत त्या माणसाचा खेळ पाहत बसतो आणि फजरला उठवले तर उठत नाही."

मी समजावू लागलो. वेळेचे मोल सांगितले, अभ्यासाचे महत्त्व सांगितले, असले लोक आदर्श होऊ शकत नाहीत असेही सांगितले. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. माझे बोलणे संपल्यावर तो अदबीने म्हणाला, "मामू, त्यांचे नाव तुम्ही आज पहिल्यांदाच ऐकले. मग ते कसे आहेत हे तुम्हाला कसे कळले?"

मला उत्तर देता आले नाही. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्यामागे लागू नका, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांचा जाब विचारला जाणार आहे, असा आदेश पवित्र कुरआनने दिला आहे (सूरह बनी इस्राईल : ३६). अफवा पसरविणाऱ्यांविषयी बोलताना या आयतीचा आधार मी अनेकदा घेतला आहे. त्या दिवशी तीच आयत माझ्या विरोधात उभी राहिली. म्हणून हा प्रश्न मी नव्याने, आरंभापासून विचारात घेतला. लक्षावधी मुले ज्यांच्याकडे पाहतात ते गेमर लिहिण्यास, नोंद घेण्यास पात्र आहेत काय? आणि असतील, तर कोणत्या अर्थाने?

हे लोक कोण आहेत?

आपल्या पिढीला 'गेम' म्हटले की वेळ घालविण्याचे साधन एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु गेल्या काही वर्षांत या क्षेत्राचे रूप पालटले आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय प्रकार म्हणून खेळविले गेले आणि गुजरातच्या तीर्थ मेहता या तरुणाने तेथे कांस्यपदक मिळविले. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील एक प्रकार म्हणून मान्यता दिली. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत त्याला अधिकृत पदकप्रकाराचे स्थान मिळाले. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातील सात नामांकित गेमरांना दिल्लीस बोलावून त्यांच्याशी चर्चा केली. त्यांत 'मॉर्टल' या नावाने ओळखला जाणारा मुंबईचा नमन माथुर होता, मिथिलेश पाटणकर हा मराठी आडनावाचा तरुण होता आणि पायल धारे ही एकमेव तरुणी होती. ही पायल छिंदवाडा जिल्ह्यातील. नागपूरहून सावनेर आणि सौंसर ओलांडले की जो मुलुख लागतो, तेथून ती पुढे आली आहे. अर्थात ही गोष्ट कोठल्या दूरच्या देशातील नाही, आपल्या शेजारची आहे.

मुस्लिम जगही यापासून अलिप्त नाही. २०२४ पासून सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथे ई-स्पोर्ट्सचा विश्वचषक भरविला जातो. २०२५ साली त्यात बुद्धिबळाचाही समावेश झाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली, ग्रँडमास्टर झाली, आणि साऱ्या शहराने तिचे कौतुक केले. ते कौतुक योग्यच होते. पण मग माझ्या भाच्याचा प्रश्न अधिकच टोकदार होतो. पटावर बसून सोंगट्या हलविणारी मुलगी शहराचा अभिमान ठरते. मग पडद्यावर तितक्याच एकाग्रतेने खेळणारा मुलगा केवळ उनाड कसा? 'एक खेळ आमच्या ओळखीचा आहे आणि दुसरा नाही' एवढेच आपले उत्तर असेल, तर ते न्यायाचे उत्तर नव्हे.

खेळाविषयी इस्लामची दृष्टी

पवित्र कुरआनने ऐहिक जीवनाला खेळ, करमणूक, सजावट आणि परस्परांपुढे मिरविणे असे संबोधले आहे (सूरह अल-हदीद : २०). या आयतीवरून खेळमात्र त्याज्य आहे असा निष्कर्ष काही जण काढतात. परंतु आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चरित्र तसे सांगत नाही. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदीत भाल्यांचे खेळ करीत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले नाही, उलट हजरत आयशा (रजि.) यांना ते मनसोक्त पाहू दिले. हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर ते स्वतः धावण्याची शर्यतही खेळले. धनुर्विद्या आणि घोडेस्वारी यांना त्यांनी उत्तेजन दिले. आयतीचा रोख खेळावर नसून, जीवनाचा अर्थच खेळ समजणाऱ्या मनोवृत्तीवर आहे. दिवसात खेळाला जागा असणे वेगळे आणि खेळाच्या पोटात सगळा दिवस जाणे वेगळे.

एका बुद्धिबळपटूची नोंद

खेळाडूविषयी लिहावे की नाही, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. हिजरी सातव्या शतकात दमास्कसचे काजी असलेले इब्न खल्लिकान (मृत्यू इ.स. १२८२) यांनी 'वफयातुल आयान' हा थोर व्यक्तींचा प्रसिद्ध चरित्रकोश सिद्ध केला. त्यात फकीह आहेत, कवी आहेत, वजीर आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीला अबू बक्र अस्-सूली हेही आहेत. सूली अब्बासी खलिफांच्या दरबारातील साहित्यिक होते, इतिहासलेखक होते. पण लोकांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले ते शतरंजमुळे. एखादा उत्तम खेळू लागला की 'हा सूलीसारखा खेळतो' असे लोक म्हणत, ही गोष्ट इब्न खल्लिकान यांनी आवर्जून नोंदविली आहे.

विशेष म्हणजे ते तेथेच थांबत नाहीत. सूली यांनीच शतरंजचा शोध लावला अशी एक लोकप्रिय समजूत होती. ती चुकीची आहे, हा खेळ हिंदुस्थानातून आला, असे ते स्पष्ट लिहितात. एका न्यायाधीशाने खेळाडूच्या कौशल्याला नाकारले नाही आणि त्याच्याभोवती जमलेल्या दंतकथेलाही मान्यता दिली नाही. जेवढे खरे तेवढे ठेवले, खोटे होते ते बाजूला काढले. प्रसिद्ध व्यक्तीविषयी लिहावयाचे म्हणजे काय, याचा हा उत्तम पाठ आहे.

ज्यांच्याकडून लोक घेतात, त्यांची चौकशी

याहूनही मोठा आधार आपल्याला हदीसशास्त्रात मिळतो. प्रेषितवचने ज्यांच्यामार्फत पुढे आली त्या सहस्रावधी रावींची चरित्रे मुहद्दिसांनी लिहून ठेवली. या विद्येला 'अस्माउर्रिजाल' म्हणतात. ती केवळ सज्जनांची यादी नाही. तिच्यात विश्वासार्ह लोक आहेत तसे विसराळूही आहेत, आणि असत्य बोलणारेही आहेत. इमाम जहबी (मृत्यू इ.स. १३४८) यांचा 'मीजानुल एतिदाल' हा ग्रंथ तर प्रामुख्याने ज्यांच्यावर आक्षेप घेतले गेले अशा रावींविषयीच आहे.

या दुर्बल माणसांसाठी विद्वानांनी आपले आयुष्य का वेचले? त्यांचा सन्मान करावा म्हणून नव्हे. लोक त्यांच्याकडून काही घेत होते म्हणून. ज्याच्याकडून समाज काही घेतो, त्याची चौकशी करणे ही त्या समाजाची जबाबदारी असते. आणि ही चौकशी त्यांनी किती न्यायाने केली! अली इब्नुल मदीनी यांनी आपल्या सख्ख्या वडिलांना दुर्बल रावी ठरविले. नात्याची भीड धरली नाही. उलट, एखादा मनुष्य अतिशय नेक आहे पण त्याची स्मरणशक्ती कच्ची आहे, असेही त्यांनी निःसंकोच लिहिले. चारित्र्य आणि अचूकता या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या तोलल्या. एका गुणाच्या बळावर दुसरा गुण गृहीत धरला नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. मुले या गेमरांकडून केवळ खेळाचे डावपेच घेत नाहीत. बोलण्याची ढब घेतात, हसण्याचे विषय घेतात, राग आला की तोंडात येणारे शब्द घेतात, काय विकत घ्यावे हे घेतात, यश कशाला म्हणावे हेही घेतात. एवढे सगळे ज्यांच्याकडून आपल्या घरात येते त्यांच्याविषयी लिहू नये, बोलू नये, विचारू नये, असे म्हणणे ही धार्मिकता नाही. तो निष्काळजीपणा आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : होय, हे लोक नोंद घेण्यास पात्र आहेत. त्यांच्यावर लिहिले गेले पाहिजे आणि ते जाणून लिहिले गेले पाहिजे.

प्रसिद्धी हे माप नव्हे

परंतु नोंदीस पात्र असणे आणि अनुकरणास पात्र असणे यांत फार मोठे अंतर आहे. शाळेच्या निबंधात 'आदर्श' या एका शब्दाखाली या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि तेथेच घोटाळा झाला. अनुकरणासाठी कुरआनने उत्तम आदर्श दाखवून दिला आहे. तो अल्लाहच्या प्रेषिताच्या ठायी आहे (सूरह अल-अहजाब : २१). इतर कोणाचेही अनुकरण त्या कसोटीवर घासून, जेवढे उतरेल तेवढेच करावयाचे आहे. ही अट गेमरला आहे तशी क्रिकेटपटूलाही आहे, उद्योगपतीलाही आहे आणि वक्त्यालाही आहे.

ज्याला कोट्यवधी लोक पाहतात तो मोठा, हे आजच्या बाजाराचे माप आहे. अल्लाहपाशी सर्वाधिक प्रतिष्ठित तो, जो सर्वाधिक ईशपरायण आहे (सूरह अल-हुजुरात : १३). सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय तर अंगावर काटा आणणारा आहे. न्यायाच्या दिवशी ज्यांचा निवाडा आधी होईल त्यांत एक रणात पडलेला, एक विद्वान व कुरआनपाठक आणि एक दानशूर असेल. लोकांनी आपल्याला शूर, आलिम आणि दाता म्हणावे यासाठी त्यांनी ती कामे केली होती. लोकांनी तसे म्हटलेही. म्हणून तेथे त्यांच्यासाठी काही उरले नाही. जिहाद, ज्ञान आणि दान यांसारखी थोर कर्मेही जर प्रसिद्धीच्या लालसेने व्यर्थ ठरतात, तर केवळ दर्शकसंख्येच्या आधारावर कोणाला थोर कसे म्हणता येईल? आणि ही गोष्ट गेमरांना सुनावण्याआधी आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या धार्मिक प्रवचनांच्या चित्रफितींखालीही आज आकडे मोजले जातात, आणि त्या आकड्यांवरून वक्त्याची योग्यता ठरविली जाते. रोग एकच आहे.

जुन्या अटी, नवा खेळ

मग व्यवहारात कसोटी कोणती लावावी? शतरंजच्या बाबतीत फकीहांमध्ये मतभेद होता. पुष्कळांनी तो निषिद्ध वा नापसंत ठरविला. शाफई परंपरेतील विद्वानांनी ज्या अटींवर सूट दिली त्या आजही उपयोगी आहेत : त्यात पैशाची पैज नसावी, त्यापायी नमाज चुकू नये आणि जिभेवर अपशब्द येऊ नयेत. या तीन अटी ऑनलाइन खेळाला आणि तो खेळून दाखविणाऱ्याला जशाच्या तशा लावून पाहाव्यात.

पहिली अट पैजेची. मद्य आणि जुगार यांच्याद्वारे सैतान तुमच्यात वैर पाडू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो, असे कुरआनने बजावले आहे (सूरह अल-माइदा : ९१). नागपूरकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. २०२३ साली याच शहरातील एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपयांनी फसविले गेल्याची तक्रार पोलिसांत केली आणि सारे शहर हादरले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. त्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यांपासून वेगळे काढून मान्यता दिली. अशा खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळ आणि जुगार यांच्यातील जी रेषा शरीअतने चौदा शतकांपूर्वी आखली, तिच्याजवळ देशाचा कायदा आज येऊन पोहोचला आहे. म्हणून ज्या गेमरची मुलगा तारीफ करतो तो स्वतः जुगार खेळत नसेल, पण जुगाराची जाहिरात करून कमावत होता काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी अट नमाजची, म्हणजेच वेळेची. आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. रात्र-रात्र उपासना करणाऱ्या एका तरुण सोबत्याला त्यांनी समजाविले होते की, तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचाही तुझ्यावर हक्क आहे. उपासनेसाठी जागणाऱ्याला जर डोळ्यांच्या हक्काची आठवण दिली गेली, तर पडद्यापुढे जागणाऱ्याला ती किती अधिक दिली पाहिजे!

तिसरी अट जिभेची. या क्षेत्रात स्वच्छ बोलणारेही आहेत आणि शिवी हाच विनोद समजणारेही आहेत. सर्वांना एकाच काठीने हाकणे अन्यायाचे होईल. कोणत्याही समूहाविषयीच्या रागाने तुम्ही न्यायापासून ढळू नये, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह अल-माइदा : ८).

वहीची दोन पाने

या विचारानंतर मी पुन्हा बहिणीच्या घरी गेलो. भाच्याला म्हटले, "तुझ्या निबंधाचा विषय मला चुकीचा वाटत नाही, मथळा चुकीचा वाटतो. 'माझा आदर्श' असे लिहू नकोस. 'मी ज्याला पाहतो तो माणूस' असे लिही. आणि मुहद्दिसांनी लिहिले तसे लिही : हुनर काय, कमाई कशातून, जीभ कशी, आणि पाहणाऱ्याचा वेळ कोठे जातो." आम्ही दोघांनी बसून त्या गेमरची काही प्रक्षेपणे पाहिली. खरे सांगतो, त्याची एकाग्रता, हरल्यावरचा संयम आणि साथीदारांना सांभाळून घेण्याची वृत्ती पाहून मला त्याचे कौतुक वाटले. परीक्षा जवळ आलेल्या मुलांना तो आधी अभ्यास करा म्हणून सांगत होता. पुढे एका जुन्या चित्रफितीत पैसे लावण्याच्या ॲपची जाहिरातही निघाली. मुलाने दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. जाहिरातीची ओळ लिहिताना त्याचा हात थांबला. पण त्याने लिहिली.

मग तो म्हणाला, "मामू, वेळेच्या रकान्यात माझे तास लिहितो. तुम्ही तुमचेही लिहा." मी माझा मोबाइल उघडून पाहिला. इशाच्या नमाजनंतर झोपेपर्यंतचा माझा जो वेळ निरोप वाचण्यात आणि पुढे पाठविण्यात जात होता, तो त्याच्या तासांहून फारसा कमी नव्हता. ते आकडे मी त्याच्या अक्षरांखाली माझ्या हाताने लिहिले. बहीण दारात उभी राहून हे पाहत होती. "भाईजान, याच्या पानावर बोलायला मला आता तोंडच ठेवले नाहीत तुम्ही," ती हसून म्हणाली. मग तिनेही आपले तास सांगितले.

तो निबंध शाळेने स्वीकारला की नाही हे या ठिकाणी महत्त्वाचे नाही. फजरची अडचणही एका दिवसात सुटली नाही. कधी तो उठतो, कधी नाही. पण आता तो ज्यांना पाहतो त्यांच्याविषयी घरात बोलणे होते. पूर्वी तो फोन उशीखाली लपवीत असे. आता 'मामू, हे पाहा' म्हणून दाखवितो आणि मी पाहतो. ज्याची चौकशी घरात होते त्याची सत्ता मुलाच्या मनावर आंधळी राहत नाही.

माता-पित्यांना एवढीच विनंती आहे. आपली मुले कोणाला पाहतात त्यांची नावे जाणून घ्या. त्यांच्यातील हुनर मान्य करा, दोष लपवू नका, आणि दोन्ही सांगताना न्याय सोडू नका. मनुष्य ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्याबरोबर असेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. आपल्या मुलांचे प्रेम कोठे जडते आहे, याची माहिती नसणे आई-बापांना परवडणारे नाही.

अल्लाह आपल्याला जाणून बोलण्याची, न्यायाने तोलण्याची आणि आपल्या स्वतःच्या तासांचा हिशेब आधी मांडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.